घरातले मांजर कुंडीतली पाने खाते आणि पुन्हा पुन्हा उलटी करते : गवत दिल्याने फरक पडतो का?

जाळी लावलेल्या सदनिकेत वाढलेले, बाहेर कधीच न जाणारे मांजर कुंडीतल्या पानांचे शेंडे कुरतडते, थोड्या वेळाने कोपरा गाठून ओकाऱ्या काढू लागते, फरशीवर पांढरा फेस आणि न पचलेली दोन-चार पाती पडतात, आणि लगेचच तेच मांजर काही झालेच नाही अशा थाटात खाण्याच्या वाटीपाशी येऊन बसते. कुंडी उंचावर ठेवली की थोडे दिवस बरे जातात, मग दुसऱ्या कुंडीचा नंबर लागतो. अशा घरात बहुधा दोन मते असतात. पोट बिघडले म्हणून ते बिचारे पाला शोधते, खाऊ द्यावे, पोट साफ होईल, असे एक मत असते. पाला खाल्ल्यामुळेच उलटी होते, तेव्हा हिरवे काही समोर येऊच देऊ नये, हे दुसरे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. गवतातून मांजराला पोषण जवळपास काहीच मिळत नाही आणि उलटीवरचे औषध म्हणून त्यावर भरवसा ठेवता येत नाही. मात्र पाने चावण्याची ओढ मांजराच्या अंगातच असते. घरात कोंडलेल्या मांजराला त्या ओढीसाठी सुरक्षित गवत मिळाले नाही, तर ते विषारी कुंडीवर जाते. त्यामुळे गवत जरूर द्यावे, पण ते दिले म्हणून वारंवार होणाऱ्या उलटीचा शोध थांबवू नये. या दोन गोष्टींची गल्लत झाली की समस्या महिनोन्‌महिने रेंगाळते.

आधी पाहावे : ही उलटीच आहे का?

उलटी होताना मांजराचे पोट जोराने आत-बाहेर होते, लाळ सुटते, ते सारखे ओठ चाटते आणि शेवटी काहीतरी बाहेर पडते. खोकला वेगळा असतो. खोकताना मांजर जमिनीलगत दबून बसते, मान पुढे ताणते, घशातून कोरडा, खरखरीत आवाज येतो आणि बहुतेक वेळा बाहेर काहीच येत नाही. घरातली माणसे याला 'केसांचा गोळा अडकलाय' असे म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात मांजरांना दमा होतो आणि त्याचे चित्र अगदी असेच दिसते. अशा मांजराला गवत देऊन काही उपयोग नाही, त्याला श्वासमार्गाचे उपचार लागतात. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करून पशुवैद्यांना दाखवावे, कारण दवाखान्यात नेल्यावर मांजर हटकून शांत बसते आणि केवळ तोंडी वर्णनावरून दमा आणि उलटी यांत गफलत होऊ शकते.

तिसरा प्रकार म्हणजे खाल्लेले तसेच्या तसे परत येणे. घाईघाईने कोरडे खाद्य गिळणारे मांजर, विशेषतः एकाच घरात दोन-तीन मांजरांची चढाओढ असेल तर, खाल्ल्यावर लगेच, पोटाला झटके न देता, नळीच्या आकाराचा ओला लगदा बाहेर टाकते. इथे उपाय खाण्याच्या पद्धतीत आहे: वाट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, एका वेळी थोडे द्यावे आणि खाद्य पसरट ताटलीत पसरून ठेवावे.

या तीन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, शेवटचे खाणे केव्हा झाले, बाहेर काय पडले आणि त्याआधी मांजर कुठे होते, एवढे लिहिले आणि जमिनीवरच्या ऐवजाचे छायाचित्र काढले तरी पुरते. पंधरा दिवसांत चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. उलट्या पाने खाल्ल्यानंतरच होतात की पाने न खाताही होतात, हा या वहीतला सर्वांत मोलाचा तपशील आहे. पाने न खाताही होत असतील, तर कुंड्यांचा दोष नाही आणि पुढचा शोध पशुवैद्यांकडेच न्यावा लागतो.

मांजर पाने का खाते, याबद्दल आज काय माहीत आहे

मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. गवतातला तंतू पचवण्याची सोय त्याच्या आतड्यात नाही, म्हणूनच उलटीत किंवा विष्ठेत पाती जशीच्या तशी दिसतात. गवतातून फोलिक आम्ल मिळते म्हणून मांजर ते खाते, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. पण न पचता बाहेर पडणाऱ्या चार पात्यांतून कितीसे मिळणार, आणि संपूर्ण आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या मांजराच्या खाद्यात हे जीवनसत्त्व आधीच घातलेले असते.

'आजारी मांजर पोट साफ करायला गवत खाते' या समजुतीची पडताळणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक विद्यालयात बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांनी हजाराहून अधिक मांजरपालकांना प्रश्न विचारले. 71 टक्के मांजरे किमान सहा वेळा पाने खाताना दिसली होती, आणि कधीच खात नाहीत अशी केवळ 11 टक्के होती. खाण्याआधी मांजर आजारी दिसत होते, असे सांगणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते आणि पाने खाल्ल्यावर वारंवार उलटी करणारी मांजरे ढोबळमानाने चौथा ते तिसरा हिस्सा होती. म्हणजे पाने खाणे ही बहुतेक मांजरांची नित्याची गोष्ट आहे आणि बहुतेक वेळा तिच्यामागे आजार नसतो, उलटीही होत नाही.

मग ही सवय आली कुठून? हार्ट यांचा तर्क असा की ती रानमांजराकडून वारशाने आली आहे. पाने आतड्यातून जाताना त्याची हालचाल वाढते आणि जंत बाहेर ढकलले जातात. चिंपांझी खरखरीत पाने न चावता गिळतात आणि त्यांच्या विष्ठेत त्या पानांबरोबर जंत सापडतात, ही नोंद या तर्काला बळ देते. आजच्या घरातल्या मांजराला जंत नसले तरी सवय टिकून आहे. दुसरा तर्क केसांचा आहे. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे अंग चाटताना सुटलेले केस थुंकून टाकणे त्याला जमत नाही, ते गिळावेच लागतात. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरांनी ओकलेल्या केसांच्या गोळ्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, तेव्हा गवताच्या कडांवरच्या बारीक काट्यांत केस गुंतलेले दिसले. यावरून, गवत केसांना धरून बाहेर आणत असावे, असे मत मांडले गेले. याउलट हार्ट यांच्या पाहणीत लांब केसांची आणि आखूड केसांची मांजरे पाने खाण्याच्या बाबतीत फारशी वेगळी निघाली नव्हती, आणि गवताचा मुख्य हेतू केस काढणे हाच असता तर तो फरक दिसायला हवा होता. मला जंतांचा तर्क सवयीच्या उगमासाठी अधिक पटतो आणि केस अडकून बाहेर येणे हा त्या सवयीचा जोडीने होणारा फायदा वाटतो. घरच्या वापरापुरता निष्कर्ष मात्र दोन्हींतून एकच निघतो: ही ओढ रागावून, पाण्याचा फवारा मारून किंवा कुंड्या लपवून जाणार नाही.

आपल्याकडच्या शाकाहारी घरांसाठी इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. दूध-पोळी, दही-भात यांवर वाढणारे मांजर पाला खाऊ लागले की 'त्याला भाजी हवी असते' असा अर्थ काढला जातो. त्या मांजराला हवे असते मांस. टॉरिन नावाचा घटक मांजराचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही, आणि तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला की दृष्टिपटल निकामी होते आणि हृदयाचे स्नायू सैल पडून ते फुगते; हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये, डेव्हिस येथेच, उघड झाला. शिवाय मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही, आणि त्याच्या जुलाब-उलट्यांचे कारण अनेकदा दुधाची वाटीच असते. घरात मांस शिजवायचे नसेल तर मांजरासाठीचे तयार संपूर्ण खाद्य द्यावे. ती तडजोड सहज करण्यासारखी आहे.

कोणत्या कुंडीत तोंड घातले, हे शोधणे

पाने खाणे नेहमीचे असले, तरी कोणती पाने खाल्ली यावर सगळे अवलंबून असते. आपल्या घरांत सर्वाधिक दिसणारा मनी प्लांट, तसेच डिफेनबाकिया, फिलोडेंड्रॉन, ॲग्लोनिमा, अँथुरियम आणि पीस लिली यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावताच ते जिभेत आणि हिरड्यांत रुततात, मांजर लाळ गाळते, पंजाने तोंड चोळते, ओकते आणि खाणे नाकारते. हे बहुधा जिवावर बेतत नाही, पण महिन्यातून दोनदा असे होत असेल तर 'मांजराचे पोट नाजूक आहे' असा गैरसमज पक्का होतो. कोरफड, स्नेक प्लांट आणि ड्रॅसिना यांनीही उलट्या-जुलाब होतात.

पुढची नावे जास्त गंभीर आहेत. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि पानफुटीच्या कुळातली झाडे हृदयावर परिणाम करतात. सायकस, ज्याला नर्सरीत सागो पाम म्हणतात, यकृत निकामी करतो. कळलावी आणि धोतरा मांजराच्या आसपास असूच नयेत. आणि पुष्पगुच्छात येणाऱ्या मोठ्या, सुवासिक, पराग गळणाऱ्या खऱ्या लिली मांजरासाठी सर्वांत घातक आहेत. पानाचा तुकडा, अंगावर पडलेले आणि चाटून पोटात गेलेले पराग, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड बंद पाडू शकते. सुरुवातीला फक्त एक-दोन उलट्या होतात, मग मांजर सावरल्यासारखे दिसते, आणि याच काळात उपचारांची वेळ निघून जाते. पहिल्या अठरा तासांच्या आत शिरेतून सलाइन सुरू झाले तर वाचण्याची शक्यता चांगली असते. घरात वाढदिवसाचा गुच्छ आला की त्यात लिली आहे का हे दारातच पाहावे आणि असल्यास तो शेजारी देऊन टाकावा.

गवती चहाबद्दल विशेष लिहावे लागेल, कारण बाल्कनीत तो असतोच आणि मांजरांना तो आवडतो. त्यातल्या तेलाने पोट बिघडू शकते, पण त्याहून मोठा त्रास त्याच्या धारदार, काटेरी कडांचा आहे. त्याबद्दल पुढे येईल. चहासाठी कुंडी हवी असेल तर ती जाळीच्या पलीकडे लटकवावी. याउलट अरेका पाम आणि स्पायडर प्लांट विषारी नाहीत, मात्र स्पायडर प्लांटचे लोंबते पाते मांजराला फारच भुरळ घालते आणि जास्त खाल्ले की तेही उलटीवाटे बाहेर पडते.

सुरक्षित गवत घरीच उगवावे

बाजारात 'कॅट ग्रास' म्हणून मिळणारे पाकीट म्हणजे बहुधा गहू, ओट किंवा जव यांचे बी असते. स्वयंपाकघरातला अख्खा गहू तेवढेच काम करतो. फक्त तो कसा साठवला आहे हे आधी पाहावे. डब्यात कडुनिंबाचा पाला घातला असेल तर हरकत नाही, पण बोरिक पावडर चोळलेला किंवा पाऱ्याच्या वा कीडनाशक गोळ्या ठेवलेला गहू यासाठी घेऊ नये. कृषी सेवा केंद्रातले पेरणीचे बियाणे तर मुळीच नको. त्याला बुरशीनाशक लावलेले असते आणि गुलाबी किंवा हिरवट रंग हीच त्याची खूण असते.

मूठभर गहू धुऊन रात्रभर भिजत घालावा. सकाळी पाणी काढून, रुंद आणि जड कुंडीत किंवा जुन्या काचेच्या भांड्यात तीन-चार बोटे कोकोपीट किंवा स्वच्छ माती घेऊन त्यावर दाणे एकमेकांना चिकटतील इतके दाट पसरावेत, वरून मातीचा पातळ थर द्यावा आणि ओलसर कापडाने झाकून ठेवावे. कोंब दिसले की कापड काढून उजेडात ठेवावे. आठवडाभरात पाती चार बोटे उंच होतात आणि तेव्हाच ती मांजरासमोर ठेवावीत. त्याआधी ठेवल्यास मुळे धरलेली नसतात आणि मांजर एका हिसक्यात दाण्यासकट पुंजका उपटते. साधारण दोन आठवड्यांनी पाती पिवळी आणि राठ होऊ लागतात. तोवर दुसरी कुंडी तयार हवी, म्हणून पेरणी आठवड्याच्या अंतराने करावी.

ज्वारी पेरू नये. कोवळी ज्वारी जनावरांना लागते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तिच्या कोवळ्या पात्यांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते. नवरात्रात घटाभोवती पेरलेल्या मिश्र धान्याचे कोंब मांजराला फार खुणावतात आणि त्या मिश्रणात ज्वारी असू शकते. म्हणून घट अशा जागी बसवावेत की मांजर तिथे पोहोचणार नाही, आणि दसऱ्यानंतर ते कोंब 'वाया कशाला घालवायचे' म्हणून त्याच्यापुढे ठेवू नयेत. मांजरासाठी शुद्ध गव्हाची वेगळी कुंडी असलेली बरी.

दूर्वांचा प्रश्न गणेशोत्सवात हमखास येतो. दूर्वा, म्हणजे हरळी, मांजरासाठी विषारी नाही, आणि आरतीचे ताट खाली ठेवले की काही मांजरे जुडीच पळवतात. धोका दूर्वेचा नाही, जुडी बांधलेल्या दोऱ्याचा आहे. जिभेवरचे काटे आत वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेला दोरा मांजराला बाहेर टाकता येत नाही, तो गिळला जातो, त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते आणि दुसरे आतड्यात पुढे सरकते. आतडे त्या दोऱ्यावर चुणले जाते आणि कापले जाऊ शकते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये, तसाच ठेवून दवाखाना गाठावा. मांजराला दूर्वा द्यायच्याच असतील तर बाजारातल्या जुड्या टाळून कुंडीत लावलेल्या आणि धुतलेल्या, कोवळ्या, सुट्या दूर्वा द्याव्यात.

सोसायटीच्या हिरवळीवरचे गवत उपटून आणणे सोपे असते, पण तिथे तणनाशक आणि कीटकनाशक फवारलेले असू शकते, भटक्या मांजरांच्या विष्ठेतून आलेली जंतांची अंडी मातीत असतात, आणि ते गवत बहुधा जून झालेले असते. ते आणू नये. आणखी एक गल्लत टाळावी: कॅट ग्रास आणि कॅटनिप, म्हणजे जिच्या वासाने मांजरे धुंद होऊन लोळतात ती वनस्पती, या वेगळ्या गोष्टी आहेत. पडीक जागी उगवणाऱ्या खोकलीच्या मुळांवर आपल्याकडची मांजरे कॅटनिपसारखीच लोळतात, पण ते खाण्याचे गवत नव्हे.

गवत ठेवल्यानंतरच्या अडचणी

मांजर गवताकडे ढुंकूनही पाहत नाही, अशी तक्रार असते. अशा वेळी जागा बदलून पाहावी. मांजर ज्या खिडकीत बसते, ज्या वाटेने रोज ये-जा करते, तिथे कुंडी हवी. लिटरच्या, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या वाळूच्या पेटीजवळ ठेवलेले गवत कोणी खात नाही. गवत चावताना मांजर डोके एका बाजूला कलते करते, डोळे अर्धवट मिटते आणि पाते गालाकडच्या दाढांमध्ये घेऊन कापते, कारण पुढच्या बारीक दातांनी त्याला पाते तोडता येत नाही. त्यामुळे पाती थोडी उंच आणि उभी असली की त्याला सोयीचे पडते. हातात दोन पाती धरून गालाच्या बाजूने दिली की बरीच मांजरे लगेच शिकतात. काहींना मुळातच रस नसतो, आणि त्यांना गवताची गरजही नसते.

गवत असूनही मांजर मनी प्लांटच खात असेल, तर गवत जवळ आणि मनी प्लांट दूर हे दोन्ही एकाच दिवशी करावे लागते. लोक गवत आणतात पण जुनी कुंडी जागेवरच राहू देतात, आणि तिथेच गणित फसते. उंच स्टँडवर ठेवणे हा उपाय नाही, मांजराला ती उंची म्हणजे आमंत्रण वाटते. टांगती कुंडी, बंद दाराची खोली किंवा झाड दुसऱ्याला देणे, एवढेच मार्ग खरे उपयोगी पडतात.

अधाशीपणाने पूर्ण कुंडी फस्त करून ओकणारे मांजर असेल, तर दिवसातून एक-दोनदा पाच-दहा मिनिटे कुंडी समोर ठेवावी आणि उचलावी. गवत मिळू लागल्यावर पहिल्या काही दिवसांत उलट्या वाढल्यासारख्या वाटतात, पण नवलाई ओसरली की बहुतेक मांजरे दोन-चार पात्यांवर थांबतात. तशी थांबली नाहीत आणि प्रत्येक वेळी उलटीच होत राहिली, तर त्या मांजराला गवत मानवत नाही असे समजून ते बंद करावे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, कुंडीवर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पांढरी बुरशी धरते. दाण्याच्या मुळांभोवती सरळ, एकसारखी पांढरी लव असेल तर ती मुळांचीच असते आणि पाणी शिंपडले की चापून बसते. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी दाण्यांवरून पसरते आणि तिला कुबट वास येतो. अशी कुंडी पूर्ण टाकून द्यावी, वरवर पुसून वापरू नये. दाणे थोडे विरळ पेरणे, पाणी वरून न ओतता कुंडी ताटलीतल्या पाण्यात थोडा वेळ ठेवणे आणि पंख्याखाली वारा लागू देणे, यांनी बराच फरक पडतो.

पाते नाकामागे अडकणे

गवताचा एक धोका फारसा कोणाला माहीत नसतो. मांजर ओकते तेव्हा जठरातले किंवा घशातले पाते कधीकधी तोंडावाटे बाहेर न येता टाळूच्या मागून वर, नाकाच्या मागच्या पोकळीत शिरते. गवताच्या कडांवरचे काटे एकाच दिशेला असल्यामुळे ते पाते पुढे सरकते, मागे येत नाही. मग अचानक शिंकांची सरबत्ती सुरू होते, मांजर पुन्हा पुन्हा गिळल्यासारखे करते, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो, आणि काही दिवसांनी एकाच नाकपुडीतून घट्ट, दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागतो. सर्दी समजून प्रतिजैविक दिले जाते, आठवडाभर बरे वाटते, औषध थांबले की पुन्हा तेच सुरू होते. असे दोनदा झाले आणि मांजर गवत किंवा गवती चहा खाणारे असेल, तर ही माहिती पशुवैद्यांना आवर्जून द्यावी. भूल देऊन, टाळू पुढे ओढून किंवा लवचिक दुर्बिणीने पाहिले की पाते दिसते आणि चिमट्याने काढता येते. त्यानंतर मांजर झपाट्याने बरे होते. हा धोका जून, राठ, रुंद पात्यांचा अधिक असतो. गव्हाची कोवळी पाती मऊ असतात, म्हणून पिवळी पडू लागलेली कुंडी काटकसरीने आणखी चार दिवस चालवू नये.

उलटी थांबत नसेल तर

कुंड्या हलवल्या, गवत ठेवले, आहार सुधारला, तरी वहीत आठवड्याला एखादी उलटी दिसत राहिली, तर ती 'मांजराची सवय' नव्हे. सुटणारे केस कमी करण्यासाठी रोज विंचरणे हा सर्वांत साधा उपाय आहे आणि लांब केसांच्या मांजराला त्याने गवतापेक्षा कितीतरी अधिक आराम पडतो. जंताचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर द्यावे. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही पिसवांमधून पट्टकृमी होतात, आणि पाली पकडून खाणाऱ्या मांजराला उष्ण, दमट प्रदेशात पित्तनलिकेत राहणाऱ्या एका चपट्या कृमीची लागण होऊ शकते. गवताबरोबरच माती, लिटर, भिंतीचा चुना किंवा कापड चाटणारे मांजर असेल तर रक्तक्षयाची तपासणी करून घ्यावी. हिरड्या फिकट दिसत असतील तर लगेच. सात-आठ वर्षांपुढच्या मांजरात मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची रक्ततपासणी, आणि कोणत्याही वयात वजन उतरत असेल तर पोटाची सोनोग्राफी, हा पुढचा टप्पा असतो. आतड्याची जुनाट सूज आणि लिम्फोमा नावाचा कर्करोग हे दोन्ही आजार सुरुवातीला 'अधूनमधून केसांचा गोळा पडतो' याच रूपात समोर येतात, म्हणून मी उलट्यांची वही इतक्या आग्रहाने सांगतो.

वाट पाहू नये असे प्रसंगही आहेत. एका दिवसात वारंवार उलट्या, उलटीत रक्त, पिवळट हिरड्या, फुगलेले दुखरे पोट, ओकाऱ्या येऊनही काही बाहेर न पडणे, किंवा दिवसभर अन्नाला तोंड न लावणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. न खाणारे मांजर दोन-तीन दिवसांत यकृतात चरबी साचून गंभीर होऊ शकते, आणि स्थूल मांजर तर अधिकच लवकर. विषारी झाड खाल्ल्याची शंका आली तर घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, दूध किंवा तूप पाजू नये, कारण मीठ स्वतःच मांजराला विषारी ठरते आणि जबरदस्तीने पाजलेले द्रव फुप्फुसात जाऊ शकते. तोंडात अडकलेले पानाचे तुकडे दिसत असतील तर ओल्या कापडाने हलकेच काढावेत, अंगावरचे पराग पुसून टाकावेत. निघताना खाल्लेल्या झाडाची एक फांदी पाना-फुलांसकट पिशवीत घालून सोबत न्यावी आणि ती नेता आली नाही तर कुंडीचे जवळून छायाचित्र काढावे. नर्सरीवाले एकाच नावाने तीन वेगवेगळी झाडे विकतात, तेव्हा नावापेक्षा झाड पाहूनच पशुवैद्यांना उपचार लवकर ठरवता येतात.